तोतयाची परीक्षा

रेवा आणि ओजस,

माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं हे तुम्हाला फोनवर कळलंच आहे. पट्टी निघाली त्या दिवशीची एक गोष्ट मात्र मी कोणाला सांगितली नाही. हॉलमधल्या खुर्चीत बसून मी आधी एक डोळा झाकला, मग दुसरा. उजव्या डोळ्याला समोरची भिंत पांढरीशुभ्र दिसली. डाव्या, अजून ऑपरेशन न झालेल्या डोळ्याला तीच भिंत सायीच्या रंगाची. ही भिंत पिवळी पडली म्हणून मी कित्येक दिवाळ्या रंगाऱ्याला नावं ठेवत आले. भिंतीचा दोष नव्हता, रंगाऱ्याचाही नव्हता. माझ्याच डोळ्यात एक पिवळट गाळणी बसली होती.

मला एकटीलाच हसू आलं, कारण नेमक्या ह्याच चुकीपासून लोकांना वाचवायचं म्हणून मी नोकरीभर पगार घेतला. ओजस, तू तुझ्या बाबाला विचारलंस की आजी काय काम करायची, तर तो "शिकवायची" म्हणून मोकळा झाला. शिकवत होते हे खरंच. पण अर्धा दिवस शिकवायचे आणि उरलेला अर्धा दिवस एका यंत्राजवळ बसायचे, त्याबद्दल त्याला कधी सांगता आलं नाही. आता दुसऱ्या डोळ्याची पाळी दिवाळीनंतर आहे, तोवर हाताशी एक चांगला डोळा आहे आणि ह्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी नोकरीतलं काहीतरी लिहा असा लकडा लावलाय. म्हणून त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठी हे एकदमच लिहिते. रेवानं वाचून दाखवावं. शब्द अडला तर आईला विचारा, बाबाला नको.

आमचं कॉलेज म्हणजे शहरातलं एक साधं कॉलेज, पण जीवरसायनशास्त्राचा संशोधन विभाग असलेलं. मी लागले तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर आहे. माझ्या ताब्यात जे यंत्र होतं त्याला फ्लोरिमीटर म्हणतात. ते काय करतं हे सांगायला सोपं आहे. काही पदार्थांवर डोळ्याला न दिसणारा उजेड टाकला की ते स्वतःचा वेगळाच उजेड बाहेर टाकतात. आपल्या रक्तातली, अंड्यातली, दुधातली प्रथिनं अशी मंद चमकतात. त्यांच्यात ट्रिप्टोफॅन नावाचा एक घटक असतो, ही चमक बहुतेक त्याची. यंत्राच्या पोटात एक चौकोनी पारदर्शक कुपी ठेवायची, तिला क्युवेट म्हणतात. एका बाजूनं उजेड आत जातो, काटकोनातल्या दुसऱ्या बाजूनं चमक बाहेर येते, आणि ती किती ते यंत्र मोजतं.

ह्याचा उपयोग काय, तर औषधांसाठी. तुमच्या रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन आहे. धान्याच्या मोंढ्यातला हमाल पोती वाहतो तसं ते औषधाचे रेणू अंगावर घेऊन हिंडतं. ह्या हमालाच्या खांद्यावर किती औषध बसलं आणि किती मोकळं फिरतंय, त्यावर औषध किती चालेल हे बरंचसं ठरतं. रेणू जाऊन ट्रिप्टोफॅनच्या शेजारी बसला की प्रथिनाची चमक मंदावते. म्हणून औषध थेंबाथेंबानं घालत जायचं, चमक किती उतरते ते बघत जायचं, आणि उताराच्या रेषेवरून बंध किती घट्ट आहे त्याचा आकडा काढायचा. एका दुपारचं काम. आकडा हमखास मिळतो. गोम तिथंच आहे, कारण बंध असो वा नसो, आकडा मिळतोच.

चमक उतरायला शंभर कारणं असतात. यंत्रातला दिवा नीट तापलेला नसतो. मे महिन्यात एसी बंद पडतो आणि द्रावण गरम होतं, गरम झालं की चमक आपोआप कमी. उजेडाची झडप उघडी ठेवून कोणी चहाला जातं आणि तेवढ्या वेळात उजेडानंच प्रथिन विटतं, गुलमंडीवर दुकानाबाहेर उन्हात टांगलेलं लुगडं विटतं तसं. आणि सगळ्यांत फसवं कारण म्हणजे आपण जे घालतोय तेच रंगीत असणं. रंगीत पदार्थ मधेच उजेड गिळतो, आत जाणाराही आणि बाहेर येणाराही. प्रथिन बिचारं पूर्वीइतकंच चमकत असतं. आपल्यापर्यंत पोचत नाही एवढंच. माझी भिंत आणि माझा डोळा.

हे मी हैदराबादला माझ्या गुरूंकडे शिकले. त्यांनी एक साधी परीक्षा घालून दिली होती. प्रथिनाच्या जागी नुसता ट्रिप्टोफॅन घ्यायचा. तो तेवढाच चमकतो, पण तो प्रथिन नाही, त्याला खांदा नाही, त्यावर काही बसू शकत नाही. त्याच्यावर तेच औषध त्याच थेंबांनी घालायचं. त्याचीही चमक तितकीच उतरली तर समजायचं की उतार बंधाचा नव्हे, रंगाचा आहे. मी इकडे आल्यावर ह्या परीक्षेला "तोतया" म्हणायला लागले. राजाच्या जागी तोतया बसवला आणि दरबाऱ्यांनी त्यालाही तितक्याच अदबीनं मुजरा केला, तर दोष तोतयाचा नाही, दरबाऱ्यांना राजा ओळखताच येत नाही. नाव विभागात रुळलं. पोरं एकमेकांना विचारायची, "तोतया झाला का?" नवीन आलेल्याला वाटायचं कोणाबद्दल तरी वाईट बोलतायत.

आमच्याकडे बाहेरचे लोकही नमुने घेऊन यायचे. जुन्या शहरातले एक वृद्ध वैद्यबुवा एकदा स्टीलच्या डब्यात काढा घेऊन आले. रक्तात तो किती टिकतो ते त्यांना लिहून हवं होतं. काढा काळाकुट्ट होता. मी समजावून बघितलं, पण ते हलेनात, म्हणून त्यांच्यासमोर प्रथिनात एक थेंब टाकला. पडद्यावरची चमक जवळजवळ संपली. वैद्यबुवा इतके खूष झाले की मला काही बोलायची सोयच राहिली नाही. "बघितलंत, एका थेंबात यंत्र गप," म्हणाले. कुपीतून पलीकडचं बोटसुद्धा दिसत नव्हतं, हे मी त्यांना दाखवलं. त्यांच्या मते तेही काढ्याच्याच ताकदीनं.

आमचे पाठकसर ही गोष्ट पुढं कितीतरी दिवस चहाच्या वेळी नक्कल करून सांगायचे. पाठकसर माझ्याहून थोडे मोठे, विभागातले सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत हौशी. मला ते विजयाताई म्हणायचे. खंडेनवमीला यंत्रांची पूजा करायची पद्धत आमच्याकडे होती, ती मुळात त्यांचीच. झेंडूची माळ, नारळ, प्रत्येक यंत्राला हळदकुंकू. एका वर्षी त्यांनी भक्तीच्या भरात माझ्या फ्लोरिमीटरचं झाकण उघडून थेट क्युवेट ठेवतात त्या खाचेलाच हळदीचं बोट लावलं. दसऱ्याची सुट्टी संपली आणि सगळ्यांच्या मोजमापात भलत्याच ठिकाणी एक हिरवट उंचवटा दिसायला लागला. कशातही काही घातलेलं नसताना. हळद प्रथिनाला बिलगली की अशी चमकते. खाचेतून कुपीला, कुपीवरून बोटांना, बोटांवरून द्रावणात, असा तिचा प्रवास चालू होता.

ते शोधून काढलं संगीतानं. ती पाठकसरांकडे पीएच.डी.ला नुकतीच आली होती. देवगाव रंगारीची, शेतकरी घरातली, लग्न होऊन इथं आलेली. कापसाचा बोळा खाचेतून फिरवून तो पिवळा झालेला तिनं माझ्यासमोर धरला आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "मॅडम, ह्याला हळद लागली. आता अक्षदा कधी?" तेव्हापासून पूजेच्या दिवशी हळदकुंकू फक्त व्होल्टेज स्टॅबिलायझरला लावायचं असा नियम मी केला. आणि तेव्हापासून संगीता माझी लाडकी झाली, ती दुसऱ्याची विद्यार्थिनी असूनही.

तिचा विषय पळसाचा होता. तिच्या गावाकडे रंगपंचमीला पळसाची फुलं उकळून रंग करायचे. लहानपणी हात आठवडाभर केशरी राहायचे, म्हणून त्या फुलांत काय आहे ते बघावं असं तिला वाटलं. तिनं फुलांतून एक पिवळा रेणू शुद्ध करून वेगळा काढला. ते काम फार सुंदर होतं, त्यात कोणालाच शंका नव्हती. मग पाठकसरांनी तिला तो रेणू अल्ब्युमिनवर कसा बसतो ते बघायला सांगितलं. उतार छान आला, रेषा सरळ आली, आणि आकडा निघाला तो दणदणीत. म्हणजे पळसाचा रेणू अल्ब्युमिनला फार घट्ट धरतो, असा. पाठकसर विभागभर ती रेषा दाखवत फिरले. त्यावरचा लेखही त्यांनी एका नियतकालिकाकडे पाठवला.

मी तेव्हा माझ्या आईच्या आजारपणात रजेवर होते. परत आले तेव्हा प्रबंध टंकून तयार होता.

संगीता त्या वेळी करमाडच्या बाजूच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवायची. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचे पैसे, सुट्टीत काहीच नाही. तिथं एक कायमची जागा निघाली होती आणि मुलाखतीच्या आधी प्रबंध सादर झालेला हवा होता. अशी जागा आमच्याकडे किती वर्षांनी निघते हे ह्या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. तुम्हा दोघांना एवढंच सांगते की ती जागा गेली तर पुढची कधी येईल हे कोणीच सांगू शकत नव्हतं. सासरच्यांनीही हे शेवटचं वर्ष म्हणून दम धरला होता.

यंत्रावर काम केल्याच्या दाखल्यावर माझी सही लागायची. ती घ्यायला संगीता आली, पेढेही घेऊन आली. मी प्रबंध चाळला. रेषांच्या पानावर थांबले आणि सहज विचारलं की शेवटच्या थेंबानंतर द्रावण कसं दिसत होतं. "चहासारखं," ती म्हणाली, "बिनदुधाच्या." मग मी विचारलं, तोतया केला होता का. तिनं नाही अशी मान हलवली. सर म्हणाले होते, छापून येणाऱ्या लेखांत कोणीच करत नाही, आपल्याला कशाला.

सर चुकीचं सांगत नव्हते. त्या काळात अशा उतारावरून आकडे काढलेले लेख ढिगानं छापून येत होते आणि त्यांतल्या कित्येकांत रंगाची गाळणी कोणी तपासलेली नसायची. त्यात गणिताची एक खुबी असते. दोन्ही बाजूंचे लॉगरिदम घेऊन रेषा काढली की वाकडंतिकडं काहीही बऱ्यापैकी सरळ दिसतं. सरळ रेषेवर शंका घ्यायचं कोणाच्या मनात येत नाही.

आता मी काय करावं? माझी सही ही फक्त ह्या मुलीनं अमुक तास यंत्र वापरलं एवढ्यापुरती होती. आकडा खरा की खोटा हे माझ्या सहीत कुठंच नव्हतं. ती अडवून ठेवणं म्हणजे ज्यावर माझा हक्क नाही तिथं हात घालणं. आणि तिची मुलाखत तोंडावर आलेली. मी सही केली. पेढाही खाल्ला. एवढंच म्हणाले की ट्रिप्टोफॅनची बाटली कपाटात वरच्या खणात आहे, दिवा दुपारपर्यंत चालू असतो.

ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विभागात आले तेव्हा ती यंत्राशेजारच्या स्टुलावर बसलेली होती. दिवा तापत होता.

तोतया आम्ही दोघींनी मिळून केला. तिनं थेंब टाकले, मी आकडे वाचले. शेवटी तिनं प्रथिनाची जुनी रेषा आणि ही नवी रेषा एकाच पडद्यावर आणल्या. एकीवर दुसरी ठेवावी इतक्या जवळून दोन्ही उतरल्या होत्या. अगदी शेवटी जरासं अंतर होतं, ते बघायलाही चष्मा पुसावा लागला.

"मॅडम, हे तर तेच आलं," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

"म्हंजी माझ्या रेणूनं काही धरलंच नाय?"

"ते आपल्याला अजून माहीत नाही. ही रेषा त्याबद्दल काही सांगत नाही, एवढंच कळलं."

"परीक्षकाला हे कळंल का?" तिनं विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. "बहुतेक नाही कळणार," मी म्हटलं.

"तुम्हाला कळलं. आता मलाबी कळलं." तिनं क्युवेट काढून धुवायला घेतली. "तिथं उभं राहून बोलताना माझं तोंडच सांगंल की, मॅडम. मला नाय जमायचं."

मी तिला सांगितलं की निर्णय आज घेऊ नकोस, घरी बोल, सरांशी बोल. ती सरांशी बोलली. मी माझ्या खोलीत होते तरी त्यांचा आवाज ऐकू येत होता. मग ते माझ्याकडेच आले. बसले नाहीत. सगळं जग चुकतं आणि एक विजयाताई बरोबर, असं का, असं विचारलं. मी म्हटलं, मी काही केलं नाही, उलट सही दिली. ते म्हणाले, "तेच तर. नाही म्हणाला असतात तर मी तुमच्याशी भांडलो असतो आणि तिचा प्रबंध सादर झाला असता. आता मी कोणाशी भांडू?"

त्या दिवसापासून ते चहाला यायचे बंद झाले. विभागातला चारचा चहा ही आमच्याकडे नुसती चहाची वेळ नव्हती. अर्ध्या कल्पना तिथं जन्माला यायच्या आणि उरलेल्या अर्ध्या तिथंच मरायच्या. त्यांच्या खुर्चीवर कोणी बसत नसे. नोकरीतली जी काही थोडी दुःखं मला अजून आठवतात त्यांत ती रिकामी खुर्ची आहे.

पण एक गोष्ट त्यांनी केली, आणि ती केल्याचं कोणाला सांगितलं नाही. नियतकालिकाकडे पाठवलेला लेख त्यांनी छापायच्या आधी परत मागवला. मला हे पुष्कळ नंतर संगीताकडून कळलं.

प्रबंध थांबला. संगीता पुन्हा मोजायला बसली. उजेडाच्या वाटेत द्रावण कमी यावं म्हणून अगदी अरुंद क्युवेट घेतली. द्रावण फिकं केलं. प्रत्येक थेंबानंतर दुसऱ्या यंत्रावर रंग किती ते मोजून त्याची वजावट केली. आणि त्यावरही विसंबायला नको म्हणून मी तिला एक जुनी, उजेडाच्या चमकीशी संबंध नसलेली पद्धत दाखवली. बारीक छिद्रांच्या पातळ कागदासारख्या पिशवीत प्रथिन बांधायचं आणि ती पुरचुंडी रेणूच्या द्रावणात सोडायची. लहान रेणू आत-बाहेर ये-जा करतो, मोठं प्रथिन आतच अडकतं. हालचाल स्थिरावली की आत आणि बाहेर रेणू किती ते मोजायचं. आत जेवढा जास्त सापडेल तेवढा हमालाच्या खांद्यावर आहे. कंटाळवाणं काम. पिशव्या फुटतात, गाठी सुटतात. तिच्या पहिल्या कितीतरी पिशव्या वाया गेल्या. एकदा गाठ सुटलेली बघून ती पुटपुटली, "लई झालं आता, पुढच्या वेळी चोळीचीच गाठ मारते, ती कधी सुटत नाय."

ह्या सगळ्यात मुलाखतीचा दिवस येऊन गेला. जागा दुसऱ्या कोणाला मिळाली.

थोड्या दिवसांनी तिच्या सासूबाई विभागात आल्या. संगीता त्यांना आत्याबाई म्हणायची. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात पिशवी. मी खुर्ची दिली तरी स्टुलावर बसल्या. रागावलेल्या होत्या, पण आधी सगळं नीट समजून घेऊन मग रागवावं अशा स्वभावाची बाई होती.

"बाई, तुम्ही शिकलेल्या," त्या म्हणाल्या. "मला येवढंच सांगा. आकडा चुकला म्हून नोकरी जाती व्हय?"

"आकड्यानं नाही गेली. उशिरानं गेली."

"मंग उशीर कुनी केला?"

"तिनं केला," मी म्हटलं, "आणि वाट मी दाखवली."

त्यांनी यंत्राकडे बघितलं. झेंडूची सुकलेली माळ अजून स्टॅबिलायझरवर होती. "ह्याला नारळ बिरळ फोडता का नाय?"

मी म्हटलं, दर खंडेनवमीला फोडतो.

"मंग हळद कमी पडली असंल," त्या म्हणाल्या. मी चहा सांगितला. त्यांनी चहा घेतला, बशीत ओतून प्यायल्या, आणि निघताना दारात थांबून म्हणाल्या की सून घरी येऊन रडली नाही, म्हणून त्या आल्या होत्या. रडली असती तर आल्या नसत्या.

संगीताचा आकडा शेवटी मिळाला. अरुंद क्युवेटमधून आणि पुरचुंडीतून, दोन्हीकडून साधारण एकच आला, तेव्हा आम्ही तो खरा धरला. पळसाचा रेणू अल्ब्युमिनवर बसतो खरा, पण फार सैल. जुन्या आकड्याच्या मानानं हा अगदीच लहान होता. हमालानं पोतं उचललं आहे, पण कुठंही टेकवायला तयार आहे, इतपत. प्रबंधाच्या त्या प्रकरणाचं सगळं तेज गेलं. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी त्या प्रकरणावर एकही प्रश्न विचारला नाही. सगळे प्रश्न फुलांतून रेणू काढण्यावर होते. घरी जाताना ती म्हणाली, "बघा मॅडम, जुना आकडा असता तरी त्यांनी विचारलं नसतंच." मला वाटतं, त्या वाक्यात थोडी हसण्याची जागा होती. मला हसता आलं नाही.

पुढची कित्येक वर्षं ती तासिकेवर राहिली. सकाळची बस, दोन कॉलेजं, मधल्या वेळेत डबा. पदवी नावापुढे लागली होती आणि जागा निघत नव्हती. दर वर्षी दिवाळीत ती घरी यायची, तेव्हा ह्या वर्षी काही निघालं का हे विचारायचं मी टाळायचे आणि ती आपणहून सांगायची. तुमचा बाबा मला म्हणतो की, आई, तू बरोबरच केलंस. बरोबर होतं हे मलाही माहीत आहे. पण बरोबर असण्याची किंमत मी नाही भरली, तिनं भरली. मी निवृत्तिवेतनावर आरामात बसून हे लिहिते आहे. हे लिहिल्याशिवाय बाकीचं लिहिणं अप्रामाणिक झालं असतं.

पाठकसरांचं सांगायचं राहिलं. एका दुपारी चहाच्या वेळी ते पुन्हा आले. हातात गुलमंडीवरच्या इमरत्यांचा पुडा होता, अजून गरम. आपल्या जुन्या खुर्चीत बसले, पुडा सोडला, पहिली इमरती मला दिली. "त्या वैद्यबुवांना मी उगाच हसलो," म्हणाले. मग हात पुसत, जणू दुसऱ्याच विषयावर बोलत असल्यासारखं, "विजयाताई, माझ्या नव्या विद्यार्थ्याचं काम बघून द्या एकदा. त्याच्यावर तुमचा तो तोतया सोडा." त्यानंतर त्यांच्याकडचं एकही काम तोतयाशिवाय बाहेर गेलं नाही. नियमाला ते माझ्याहून कडक झाले. वैद्यबुवांची नक्कल मात्र पुन्हा कधी केली नाही, आणि खरं सांगायचं तर ती आम्हा सगळ्यांनाच मनातून हवी होती, इतकी ती छान होती.

आता ते नाहीत. यंत्र भंगारात गेलं. त्याचा दिवा मिळेनासा झाला होता. त्या खोलीत आता संगणक आहेत आणि विभागातला चहा यंत्रातून कागदी पेल्यात येतो. मध्यंतरी मी गेले होते, तर दारावरचं नावही बदललेलं होतं. नवीन मुलांनी मला अदबीनं बसवलं, पण तोतया म्हणजे काय हे त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं. त्यांच्याकडे ह्या सगळ्याची वजावट करणारं सॉफ्टवेअर आहे. ते चांगलंच असणार. ते वापरायचं की नाही हे अजून माणसालाच ठरवावं लागतं, एवढंच मी म्हटलं, आणि कागदी पेला ठेवायला जागा शोधली.

संगीताला अखेर कन्नड तालुक्यातल्या एका कॉलेजात कायमची जागा मिळाली, उशिरा. केस पिकायला लागले होते. तिथल्या प्रयोगशाळेत फ्लोरिमीटर नाही. आत्याबाई अजून आहेत आणि सुनेच्या पहिल्या कायमच्या पगारातून घेतलेली साडी लग्नकार्यातच नेसतात.

आणि तो लहान आकडा आहे. नंतर बाहेरच्या दोन प्रयोगशाळांनी पळसाचा तोच रेणू घेऊन, आमच्याहून कितीतरी चांगल्या यंत्रांवर, वेगळ्या पद्धतींनी मोजून बघितला. दोघांनाही जवळपास तेवढाच मिळाला. आपापल्या लेखांत त्यांनी संगीताचं नाव दिलं आहे. तो आकडा अजून तसाच आहे.